आईच्या वाट्याचा माते

गेल्या गुरुवारी आमच्या हातून एक चूक झाली आणि ती अन्सेल्मोला बाधली, अशी आमची समजूत होती.

आमचा गट म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या खोलीत दर गुरुवारी मन मोकळं करायला जमणारी चार रडकी माणसं आणि त्यांना बोलतं करणारी पेर्ला. ब्युनॉस आयर्समध्ये असा गट नसलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. आमचा एकच कडक नियम. कुणाच्या मेलेल्या किंवा दुरावलेल्या माणसाचं सोंग घेऊन खुर्चीत बसलं, की उठताना खांदे झटकायचे आणि स्वतःचं नाव मोठ्यानं घ्यायचं. गेल्या वेळी अन्सेल्मो डेलियाची आई, ओतिलिया झाला होता. मध्येच वीज गेली, आम्ही हसत, चाचपडत जिना उतरलो आणि झटकायचं राहूनच गेलं.

ओतिलियाला जाऊन तीन वर्षं झाली. तरी डेलिया रोज सकाळी तिच्या खुर्चीपुढे माते, म्हणजे आमचा नळीनं प्यायचा कडवट पानांचा चहा, भरून ठेवते आणि तो रिकामा होतो, असं छातीठोक सांगते. तिकडे रोसारिओला डेलियाच्या लेकीचे दिवस भरत आलेत, ती हिला बोलावून थकली. पण हिचं एकच, "मी गेले तर आईला कोण पाजेल?" मला या हट्टाचा भयंकर राग येतो.

या गुरुवारी अन्सेल्मो आला. जन्मभर बस चालवलेला, कडू माते पिणारा, साखरवाल्यांची टिंगल करणारा गडी. त्यानं खिशातून संत्र्याची साल काढून मातेत टाकली, वर दोन चमचे साखर.

"काय रे, डोहाळे लागलेत का?" मी म्हटलं.

"आठवडाभर असंच चाललंय, नोएमी." तो हसला नाही.

डेलिया पांढरीफटक पडली. "साल आई घालायची. मी इथे कधीच बोलले नव्हते."

पेर्लानं मात्र शांतपणे त्याला पुन्हा त्या खुर्चीत बसवलं.

"डेलिया, तू पाज त्याला."

डेलियानं ओतलं. तो एक डोळा मिटून नळीनं प्यायला आणि माते परत देत म्हणाला, "ग्रासियास, पोरी."

आमच्यात माते परत देताना 'ग्रासियास' म्हणून आभार मानले की पाळी संपली. पुढे त्या माणसाला कुणी ओतत नाही. डेलिया तरीही ओतू लागली.

"अगं, ग्रासियास म्हटलं ना!" आवाज अन्सेल्मोचाच, पण थकलेला, म्हातारीचा. "गेले त्याच दिवशी म्हटलं होतं. नंतर मी एक घोटही घेतलेला नाही."

"खोटं! रोज रिकामा होतो!"

"मग बघ कोण पितं ते."

भरलेला माते डेलियाच्याच हातात राहिला होता. बोलता बोलता तिनं तो तोंडाला लावला. एक डोळा मिटून प्यायली, तळाशी नळी वाजेपर्यंत. मग तिनं आमचे चेहरे पाहिले. तिच्या घरी हे बघायला कुणीच नव्हतं.

"मी... अशी पिते?"

"आत्ताच प्यायलीस, बाई," मी म्हणाले. राग कुठल्या कुठे गेला होता, मला रडू येत होतं.

"चला, झटकून टाका आता," पेर्ला म्हणाली. अन्सेल्मो लगबगीनं उठला.

"तुझं होईल रे सावकाश. आधी ती." पेर्ला डेलियाकडे बघत होती. "तीन वर्षं झटकायचं राहून गेलंय. ऊठ. नाव सांग."

डेलियानं खांदे झटकले.

"ओतिलिया," ती म्हणाली.

तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"पुन्हा," पेर्ला म्हणाली.

तिनं पुन्हा झटकले, जोरात, अंगावर काहीतरी चढल्यासारखे. आम्ही नुसते तिच्या ओठांकडे बघत राहिलो.

"डेलिया," ती शेवटी म्हणाली. मग डोळे पुसून वळली. "अन्सेल्मो, रोसारिओची बस कुठून सुटते रे?"