माझे लाड आणि ताईंचा डोळा

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, विमानातून काढलेले फोटो जोडणारी. हल्ली एका नकाशा कार्यालयाच्या जिन्याखाली उभी असते. येणारे-जाणारे थांबतात आणि म्हणतात, वा, काय निगा राखलीय हिची! ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगते.

आधी माझं काम. नाकासमोर बोट धरा आणि एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट जागचं हललेलं दिसेल. जवळची वस्तू जास्त हलते, लांबची कमी, आणि त्यावरूनच आपल्याला जवळ-लांब कळतं. विमान पुढे जात फोटो काढतं, तेव्हा प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली निम्म्याहून जास्त जमीन पुन्हा येते. असे दोन फोटो माझ्यात ठेवले, एक डाव्या डोळ्याला, एक उजव्या, की टेकड्या वर उठतात आणि नदी खोल जाते. मग एक उजळ ठिपका चाकं फिरवत अलगद जमिनीवर टेकवायचा आणि पायाने खटका दाबायचा. त्या जागेची उंची कॉम्प्युटरात जाते. अशा ठिपक्यांनी फोटोला फोटो जोडत नकाशा तयार होतो.

माझ्यासमोर वर्षानुवर्षं बसल्या त्या ताई. सगळं ऑफिस त्यांना ताईच म्हणायचं, अगदी साहेबसुद्धा. झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसा त्या ठिपका ठेवायच्या. मी मात्र मोठी नखरेल. मला उकाडा सोसत नाही, म्हणून खोलीत कायम एसी, आणि ताई शाल पांघरून खोकत बसलेल्या. मला मऊ कापडाचं झाकण, त्यांच्या डुगडुगत्या खुर्चीखाली पुठ्ठ्याची घडी. साहेब सकाळी आले की आधी माझी विचारपूस करायचे. तेव्हा मला त्याचा केवढा तोरा होता!

एके वर्षी नदीकाठच्या एका वस्तीचं काम आलं. पूर कुठवर चढेल, ती रेघ आमच्या उंचीवरून नकाशात काढायची होती. रेघेच्या आतली घरं उंचावर हलवणार, बाहेरची तिथेच राहणार. म्हणजे आम्ही चुकलो तर माणसं पाण्यात.

नेमकं तेव्हाच ताईंना उजवीकडचं धुरकट दिसू लागलं. त्यांना वाटलं, माझी काच मळलीय. पुसायच्या, बघायच्या, पुन्हा पुसायच्या. माझी काच लख्ख होती हो! एका दुपारी त्या खिडकीशी गेल्या, डावा डोळा हाताने झाकला आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. काय ते त्यांना कळलं. पण बोलल्या नाहीत. एका डोळ्याने उंच-खोल कळत नाही, आणि अशा ऑपरेटरला माझ्यासमोर कोण बसवणार? त्या सवयीच्या जोरावर अंदाजाने ठिपके ठेवू लागल्या.

फोटो जुळेनात. एकाच विहिरीच्या काठाची उंची फोटोंच्या एका जोडीत एक, दुसरीत भलतीच. साहेबांनी कपाळाला हात लावला. आणि संशय कोणावर? माझ्यावर. लांबून मेकॅनिक बोलावला. त्याने आरसे, दिवे, स्क्रू, सगळं उघडून तपासलं. घरात कोणी आजारी असावं तसे सगळे माझ्याभोवती गोळा झाले. ताई भिंतीशी डोळा चोळत उभ्या होत्या. एकानेही मान वळवून बघितलं नाही. अरे, मी ठणठणीत आहे, त्यांना बघा, असं ओरडावंसं वाटत होतं. पण मी पडले मुकी.

मशीनमध्ये दोष नाही, असं सांगून मेकॅनिक गेला. साहेबांना वरून घाई होती. उंचीची सरासरी धरा आणि रेघ ओढा, म्हणाले. नकाशा काढणारे काका पेन्सिल घेऊन बसले. रेघ नदीला चिकटून चालली होती आणि सगळी वस्ती बाहेर, कोरड्यात राहत होती.

ताई पुढे झाल्या. काहीतरी म्हणाल्या, पण एसीच्या घरघरीत कोणालाच ऐकू आलं नाही. काकांनी तो बंद केला.

"रेघ ओढू नका," ताई म्हणाल्या. "मशीन चांगली आहे. माझा उजवा डोळा गेलाय. ठिपके मी अंदाजाने ठेवलेत."

"ताई, आधी नाही का सांगायचं?"

"लाज वाटली, साहेब."

काकांनी रबर घेतलं. दुसऱ्या ऑपरेटरने सगळे ठिपके पुन्हा घेतले. रेघ वस्तीच्या पार पलीकडून गेली आणि घरं हलवली गेली. ताईंच्या डोळ्याचा पडदा खराब झाला होता. लवकर आला असतात तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्यांची बदली फोटो साठवायच्या खोलीत झाली.

मित्रांनो, लाज त्यांना का वाटावी? माझी तपासणी दर सहा महिन्यांनी व्हायची. ताईंचे डोळे नोकरीला लागताना एकदा तपासले होते, तेवढेच. हे आठवलं की मला तोंड लपवावंसं वाटतं. तुमच्या घरातही कोणीतरी दिवसभर एखाद्या मशीनसमोर बसत असेल. त्यांना विचारा, तुम्हाला बरं आहे ना, नीट दिसतंय ना? आणि ते लगेच "हो" म्हणाले, तर तिथून हलू नका. पुन्हा एकदा विचारा.