कुत्र्याचं चाटण

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर स्टूल, तांबूस कुत्रा आणि वैद्यराज. तिघांत अक्कल कुत्र्यालाच होती.

"दवाखान्यात चाटण तुम्ही चाटता," वैद्यराज सांगत होते. "इथं आमचा सेवक तुमचा आजारच चाटून टाकतो."

जखमेभोवती ते अंगठा फिरवत. कुत्रा चाटू लागला की टाळ्या. कुत्र्यानं तोंड फिरवलं तर माणूस पापी.

मला मोजायची खोड. सतरा जण झाले. बाराजणांना चाटलं, पाचजण पापी निघाले. पाचही जणांनी आधी शंका काढली होती. त्यांच्यावर डावा अंगठा फिरला, बाकीच्यांवर उजवा. आणि उजवा दर वेळी आधी कमरेच्या पिशवीत जाऊन येई.

अठरावा आमच्या गल्लीतला शिंपी. चार महिन्यांपूर्वी मूत्रपिंड बदललेलं; शरीरानं ते नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू. हाताला कात्री लागलेली. तो पट्टी सोडू लागला, तोच त्याच्या दवाखान्यातल्या वॉर्डच्या सिस्टर मंचावर चढल्या.

"पट्टी राहू द्या. ही जीभ जखमेला लागली तर जिवावर बेतेल."

"तुम्ही तर माझी मनी हाकलायला सांगितलीत," शिंपी चिडला. "हे जनावराला जवळ तरी करतात."

"मांजराची घाण लांब ठेवा म्हटलं होतं. तुम्ही घाण गाळलीत, मांजर तेवढं ऐकलंत."

मी उभा राहिलो आणि माझा हिशेब मोठ्यानं सांगितला. वैद्यराजांनी घाईघाईनं उजवा अंगठा सदऱ्याला पुसला. कुत्रा वळला आणि सदरा मनापासून चाटू लागला.

"सदऱ्याला कसला आजार?" शिंप्यानं विचारलं. "शिवण तर धड दिसते."

सिस्टरनी पिशवी उघडून पुढच्या रांगेला दाखवली. आत कलेजीचा खारट लगदा.

"ज्यांना चाटलं त्यांनी आत्ता साबण लावून वाहत्या पाण्यात जखम धुवा, आणि आजच डॉक्टरांना दाखवा."

बाराजण नळाकडे धावले. वैद्यराज मागच्या दारानं सटकले. कुत्रा सदऱ्यामागून गेला.

"आणि मनी?" शिंप्यानं हळूच विचारलं.

"राहू दे की. तिची मातीची पेटी रोज दुसऱ्यानं साफ करायची. तुम्ही तिला हात लावलात की हात धुवायचे. जखम झाकलेली ठेवायची, चाटू द्यायची नाही. ओरबाडलं तर धुवून लगेच मला फोन."

"दुसऱ्यानं म्हणजे मीच," त्याची बायको म्हणाली. पण तिचा चेहरा खुलला होता.

जनावरावर माया करा, औषध मात्र दवाखान्यातूनच घ्या. आणि कुणी अंगठा फिरवू लागला तर आधी तो हुंगून बघा. कुत्र्यानं तेवढंच केलं होतं.