न उमटलेला अंगठा

मित्रांनो, मी एक जुना शाईचा पॅड आहे. पत्र्याची डबी आणि आत जांभळ्या शाईत भिजलेले कापड, एवढेच माझे रूप. पण शिक्षेत सूट मिळालेली माणसे दर सोमवारी ज्या कचेरीत हजेरी लावतात, तिथे माझ्यावाचून पान हलत नसे.

मला चेहरे फारसे कळत नाहीत, अंगठे कळतात. 'खिडक्या'चा अंगठा तर माझ्या चांगला ओळखीचा. खिडकीतून लोकांच्या घरात शिरायचा, म्हणून हे नाव. तीनदा तुरुंगात जाऊन आला, तरी अंगठा लोण्यासारखा मऊ. चौथ्यांदा पकडला गेला तेव्हा त्याची बायको न्यायाधीशांपुढे हात जोडून म्हणाली, "यांना गवंडीकाम मिळतंय, साहेब. एकदा करून तर बघू द्या." सगळे हसले म्हणे. न्यायाधीश हसले नाहीत. दोन वर्षे बाहेर राहा, पण दर सोमवारी अंगठा द्या, असे ते म्हणाले. अट मोडली तर तीन वर्षे आत.

मग दर सोमवारी तो अंगठा मला जरा जरा खरखरीत लागू लागला. आणि वर्षभराने एके दिवशी कारकून कचेरीच्या अधिकारी मॅडमना म्हणाले, "मॅडम, हे बघा. नुसता डाग, एक रेघ नाही. अंगठा घासून आलाय हा. नव्या चोरीची तयारी, दुसरं काय?"

"सिमेंट खातं हो, मॅडम," खिडक्या म्हणाला. "घरी पोरगीसुद्धा म्हणते, बाबा, हात लावू नका, टोचतं."

मॅडमचा विश्वास होता, पण ठसा जुळल्याशिवाय हजेरी धरता येत नव्हती. सगळे न्यायाधीशांकडे गेले, मलाही नेले.

न्यायाधीशांनी कागद उलटसुलट करून पाहिला. कोर्टाच्या कुंपणाची भिंत बांधायचे काम चालू होते. त्यांनी तिथल्या दोन गवंड्यांना बोलावले.

"आम्ही काय केलं, साहेब?"

"काही नाही. अंगठे द्या."

मी जीव ओतून शाई दिली. कागदावर शेजारी शेजारी तीन जांभळे डाग उमटले. रेघ एकातही नाही. यातला चोराचा कोणता, हे मलाही सांगता येईना. अंगठ्याच्या रेघा जन्मात बदलत नाहीत, असे मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. मित्रांनो, मी थक्क झालो. आजही तो कागद आठवला की थक्क होतो.

न्यायाधीशांनी तो कागद मॅडमपुढे सरकवला. मग म्हणाले, "यांची हजेरी धरा. आणि तुम्ही आता सही शिका."

तो शिकला. शेवटच्या सोमवारी त्याने वेडीवाकडी सही केली. तोवर सगळेच सह्या करू लागले होते. माझे झाकण उघडेच राही. मी वाळून गेलो होतो. कारकुनांनी मला उचलून कचऱ्याच्या टोपलीवर धरले.

"थांबा की," खिडक्या म्हणाला. "दोन थेंब शाई घालून तर बघा."

कारकुनांनी त्याच्याकडे पाहिले आणि शाईची बाटली काढली.

मित्रांनो, माझे झाकण लावत जा, एवढेच मागणे आहे. मी अजून उमटतो.