मोकळा माणूस

टिसाउके गेली, वर्ष झालं, मक्याची दारू गाळली गेली आणि तिच्या भावाने, लुफेयोने, माझ्या मनगटात पांढरे मणी बांधले. आमच्यात पुरुष बायकोच्या गावात राहायला जातो आणि ती मेली की असे मणी बांधून त्याला मोकळा करतात. मोकळा म्हणजे चालता हो. उभा जन्म त्यांच्या शेतातले हत्ती हाकलण्यात गेला, पण रीत ती रीत.

मी लुफेयोला म्हटलं, मला स्मशानाजवळ एक झोपडी बांधू दे, दुसरं काही नको. लुआंग्वा नदी गावापाशी मोठा वळसा घेते. त्या वळशाच्या पोटात जमिनीची जीभ आहे, तिच्यावर चिंचांचं बन आणि बनात त्यांची माणसं पुरलेली. टिसाउकेही तिथेच.

"मोकळा केलेला नवरा घुटमळला की मेलेलीला झोप लागत नाही, योसाम," तो म्हणाला. तोवर मी दाजी होतो, त्या दिवशी योसाम झालो. मणी बांधताना मी रडलो नव्हतो, पण हे लागलं.

त्यानेच मला होडीतून पलीकडे, माझ्या आईच्या गावी सोडलं. तिथे मला ओळखणारी माणसं मरून गेली होती. भाची एस्नाती वेळेवर मक्याच्या उकडीचा, न्शिमाचा गोळा आणि वाळल्या माशाचं कालवण पुढे ठेवी, पण बोलायचं कशाबद्दल? कोणाची पोरं कोणती, हेच मला कळत नव्हतं. मी रोज काठावर जाऊन बसे. समोर चिंचा दिसायच्या. दरडीतल्या बिळांतून लाल वेडे राघू ये-जा करायचे, त्यांच्याकडे बघत दिवस ढकलायचा. एस्नाती म्हणे, मामा, मगरीला तुमची वेळ पाठ झाली असेल.

त्या पावसाळ्यात नदी पिसाळली. रात्रंदिवस दरडी कोसळल्याचे आवाज येत होते आणि मला एकच धास्ती होती, टिसाउके वाहून जाणार. जीभ गावाला जिथे जोडली होती ती मान अरुंद, बैलगाडीपुरती. तीच नदीने कापली. वळसा सोडून ती सरळ लुफेयोच्या गावाच्या अंगाने धावू लागली आणि जीभ आमच्या काठाला आली.

पाणी उतरलं तेव्हा जुन्या वळशाचा डोह झाला होता. तोंडाशी वाळू भरलेली, आत पाणघोडे कुरकुरत बसलेले. वाळूवरून हत्ती पलीकडे गेल्याच्या खुणा होत्या. हत्ती रुतला नाही तर मी कशाला रुततो, म्हणून त्यांच्या पावलांवरून चालत गेलो. चिंचा जागेवर होत्या. टिसाउकेच्या उशाशी उपडं ठेवलेलं मडकंसुद्धा तसंच होतं. मी खाली बसलो आणि पोटभर रडलो. मग फांदीने पाला झाडला. तेव्हापासून रोज जातो, चिमूटभर पीठ ठेवतो आणि कालवण कसं झालं होतं ते तिला सांगतो. ती काही बोलत नाही, पण एवढं ऐकून घेणारं मला दुसरं कोण आहे?

एके दिवशी नव्या पात्रापलीकडे लुफेयो दिसला. मध्ये उन्मळलेली झाडं अडकली होती, पाण्याला ओढ होती, वाळूच्या पट्ट्यांवर मगरी पसरल्या होत्या. तिथे होडी घालणं म्हणजे जिवावर उदार होणं. मी हाक मारली नाही. मी का मारू?

शेवटी तोच ओरडला, "दाजी, आई पण तिथेच आहे. तिलाही पीठ ठेवाल का?"

"मी मोकळा माणूस आहे, लुफेयो," मी ओरडलो.

तो मान खाली घालून परत निघाला. पाठीत वाकला होता. मला वाटलं होतं, त्याला असं बघून बरं वाटेल. नाही वाटलं.

"कुठली तुझी आई?" मी मोठ्याने विचारलं. "बोट दाखव."

त्याने हात लांब केला. टिसाउकेच्या शेजारचीच. मला ती ठाऊकच होती; सासूपुढेही मी पहिल्या दिवसापासून पीठ ठेवत होतो.