स्वावलंबनाची नवी आवृत्ती

सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. एकोणतीस वर्षं त्यांनी सरकारचे काने, मात्रे, वेलांट्या सांभाळल्या होत्या.

त्या वर्षी देशाचं चलन असं गडगडलं, की दुकानदार भावाच्या पाट्या खडूने लिहू लागले. कर्ज देणाऱ्या परदेशी संस्थेचं पथक महिन्याभरात येणार होतं. त्यांच्यापुढे काहीतरी जाडजूड ठेवायला हवं, म्हणून नियोजन खात्याच्या उपसचिवांनी चारशे पानांचं नवं विकास धोरण छापायला धाडलं. नाव होतं 'स्वावलंबनाकडे'.

अडचण एवढीच होती, की कागद बाहेरून यायचा, शाईही बाहेरून यायची, आणि दोन्ही बंदरात अडकून पडली होती. विकणाऱ्याला आपलं चलन नको होतं. व्यवस्थापक गोदामात जाऊन आले आणि खुर्चीत धपकन बसले.

"मुखपृष्ठांपुरता कागद आहे," ते म्हणाले. "आत काय छापू, माझं कपाळ?"

बाई मात्र वाचत होत्या. छापणं होवो न होवो, मजकूर टेबलावर आला की त्या वाचायच्याच. एकशे बाराव्या पानावर त्यांची पेन्सिल थबकली. 'औद्योगिक विकास'च्या जागी तिथे 'औद्योगिक विलास' होता. ही चूक त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती. अकरा वर्षांपूर्वी, मागच्या संकटात, ती त्यांच्या नजरेतून निसटली होती आणि त्यापायी त्यांना लेखी समज मिळाली होती.

त्या तडक गोदामात गेल्या. मागच्या धोरणाच्या दोन हजार प्रती कोपऱ्यात तशाच पडून होत्या. गठ्ठ्यांच्या दोऱ्याही कुणी सोडल्या नव्हत्या. बाईंनी एक प्रत काढली आणि उभ्याउभ्याच ताडून पाहिली. शब्द न् शब्द तोच. 'देशी कागद कारखाना येत्या तीन वर्षांत सुरू होईल' हे वाक्यही जागच्या जागी. सगळीच आश्वासनं 'येत्या तीन वर्षांत'ली असल्यामुळे साल बदलायचाही प्रश्न नव्हता.

दुपारी उपसचिव घाईघाईत आले, तेव्हा बाईंनी दोन्ही प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या.

"साहेब, हे आधीच छापून झालंय."

साहेब ओशाळतील, निदान खोकतील तरी, असं बाईंना वाटलं होतं. साहेबांनी विचारलं, "किती प्रती आहेत?"

"दोन हजार."

"अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

पुढचे चार दिवस अख्खा छापखाना जुनी मुखपृष्ठं फाडून नवी चिकटवत होता. बाईंच्याही बोटांना खळ लागली. एकशे बारावं पान तेवढं दुरुस्त करू द्या, असं त्यांनी दोनदा सुचवलं. "तिथवर कोण जातंय?" म्हणून साहेबांनी ते उडवून लावलं.

पथक आलं. प्रमुखांनी पुस्तक चाळलं, हातात तोलून पाहिलं आणि धोरणातल्या सातत्याची तोंडभरून स्तुती केली. कर्ज मंजूर झालं, उपसचिव सचिव झाले, बंदरातला कागद सुटला. त्या कागदावर पहिलं काम आलं ते कर्जाच्या अटीप्रमाणे रद्द करायच्या सरकारी पदांच्या यादीचं. सहाव्या पानावर एक ओळ होती: सरकारी छापखाना, मुद्रितशोधक, एक पद.

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक होतं.

व्यवस्थापक जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, मूळ प्रत पुन्हा कोणी बघत नाही. मी आता चहाला जातोय."

संध्याकाळी घरी पोचल्यावर त्यांनी दारातच नवऱ्याला सगळं सांगितलं. ते शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे मास्तर. सरकारं पडलेली त्यांनी पुष्कळ शिकवली होती.

"मग गाळायची होतीस की ती ओळ," ते म्हणाले.

"गाळली होती."

"मग?"

"खाली एकूण पदांची बेरीज चुकायला लागली. ती चुकलेली काही मला बघवेना. परत घातली."

मास्तरांनी बाईंच्या हातातली पिशवी घेतली, चपला काढायला त्यांना खुर्ची पुढे केली आणि स्वतः चहाचं आधण ठेवायला गेले.