सम फुलं

नायदेन चाकारोव्हच्या बारा पियानोरचना चाळीस वर्षं ट्रंकेत पडून होत्या. त्या बाहेर काढायला रुम्यानाला तीन वर्षं त्याच्या नाकदुऱ्या काढाव्या लागल्या. म्हातारा नव्वदीचा, सोफियात पाचव्या मजल्यावर एकटा राहणारा आणि महाखट. जन्मगावी, त्र्याव्नात, पूर्वी एकदा त्याचा कार्यक्रम झाला होता. माणसं आली पाच, त्यातली दोन पावसाच्या आडोशाला शिरलेली. त्या दिवशी त्यानं ट्रंकेला कुलूप घातलं ते घातलंच.

रुम्याना मुलांना पियानो शिकवून पोट भरायची. म्हाताऱ्याला ती आदरानं 'बाय नायदेन' म्हणायची, बाय म्हणजे काका. म्हाताऱ्यानं जिवंतपणी आपलं संगीत त्याच त्र्याव्नात, भरल्या सभागृहात ऐकावं, हा तिचा एकच ध्यास. ध्वनिमुद्रणही तिथंच करायचं होतं. शेवटी तो राजी झाला, पण हॉल नाही भरला तर तुझ्या नावानं बोंब मारीन, असं बजावूनच.

जाहिरातीचा मजकूर तिनं त्र्याव्नातल्या छापखानेवाल्याला फोनवर सांगितला. म्हाताऱ्याचा फोटो, नाव, जन्मसाल, पहिल्या रचनेचं नाव 'स्मरण', आणि रविवारी पाच वाजता गावच्या वाचनगृहाच्या हॉलमध्ये. त्या बिचाऱ्याचा हात मृत्यूच्या पत्रकांवर बसलेला. त्यानं 'स्मरण' श्राद्धाच्या पत्रकावर असतं तसं ठळक अक्षरांत वर घेतलं, भोवती काळी चौकट आखली आणि जिथं नेहमी डकवतात तिथंच, घरांच्या दारांवर नि विजेच्या खांबांवर, डकवून टाकलं. रविवारी दोघं पोचली ती थेट मागच्या दारानं आत गेली. गावातले खांब वाचायला फुरसत कुणाला होती?

साडेचारलाच हॉल भरला. म्हातारा पडद्याच्या फटीतून बघत होता. त्यानं रुम्यानाची बाही ओढली.

"रुमे, मागं लोक उभे आहेत गं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं टाय सरळ केला आणि पुन्हा फटीला डोळा लावला. पहिल्या रांगेतल्या बाईच्या हातात कार्नेशनची चार फुलं होती. शेजारणीकडे सहा. एकीच्या मांडीवर श्राद्धाला वाटतात तसा, साखर पेरलेल्या शिजवलेल्या गव्हाचा वाडगा. सम फुलं मेलेल्याला वाहायची, जिवंत माणसाला कोण देतं? म्हाताऱ्यानं एकेक गुच्छ मोजला. रुम्यानानंही मोजला. विषम एकही नव्हता.

ती खरं काय ते सांगायला रंगमंचाकडे धावली. त्यानं मनगट धरलं.

"थांब. साधी माणसं आहेत, लाजेनं मरतील. आणि उठून गेली तर?"

"पण बाय नायदेन, तुम्ही इथं धडधडीत..."

"मेल्यावर एवढी गर्दी होत असेल तर मेलेलाच बरा. जा, वाजव. सातवी घाईत उरकू नकोस."

रुम्यानाला हुंदका आवरेना. तरी ती गेली. अंगावर घेतलेलं काम, ते टाकायचं कसं? तासभर ती जीव ओतून वाजवत राहिली. सातव्या रचनेला बायका उघड रडू लागल्या. श्रोत्यांतला एक म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता की हा माणूस आपल्या गल्लीतला, आणि आपल्याला पत्ताच नव्हता. ज्या शब्दांसाठी बाय नायदेन जन्मभर झुरला, ते आज त्याच्याच कानावर पडत होते, आणि पुढं होऊन हात जोडायची सोय नव्हती.

शेवटचा सूर विरला. अख्खा हॉल उठून उभा राहिला. पुरुषांनी टोप्या काढल्या, माना खाली गेल्या. टाळी कुणी वाजवली नाही. श्राद्धाला टाळ्या कोण वाजवतं? रुम्याना पियानोपुढं बसून राहिली. तिला मान वर करवेना.

तेवढ्यात पडद्यामागून टाळ्या आल्या. हळू, एकाच माणसाच्या. तिच्यासाठी.

कार्नेशनवाली बाई संतापून पडद्याकडे वळली.

"शू! लाज नाही वाटत? माणूस गेलाय, आणि टाळ्या कसल्या पिटता?"

टाळ्या थांबल्या.

"चुकलं," पडद्यामागून आवाज आला. "माफ करा."