आज कोणी उठलं नाही

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि आज माझा आनंद गगनात मावत नाहीये! नगरसभेच्या सभागृहात खिडकीखाली माझी जागा. सुतारकाकांनी सहा माणसांच्या मापाने मला घडवलं आणि हलवून पाहत म्हणाले, "हा काही जागचा हलायचा नाही."

मी नाही हललो, पण माझ्यावर बसणारे विरोधी पक्षाचे सहा जण फार हलायचे. समोर नगराध्यक्षांचे नऊ. नगराध्यक्ष रीतसर निवडून आलेले. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. मग त्यांनी एकेक नियम बदलायला घेतला. आधी प्रश्नांची वेळ कापली, मग वार्ताहरांना दार बंद केलं. दर वेळी आमचे शिंपीदादा तावातावाने उठायचे, त्यांच्यामागे बाकीचे, घोषणा देत सगळे बाहेर! पायरीवर फोटो निघायचा आणि आत ठराव मंजूर व्हायचा. मी आपला रिकामा. फार वाईट वाटायचं हो.

आज ठराव होता, निवडणूक दोन वर्षं पुढे ढकलायची. त्याला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. पंधरा हजर असले तर दहा, आणि त्यांच्याकडे नऊच! पण आमचे सहा निघून गेले की नऊ पुरेसे. आमच्या नेत्या निवृत्त शिक्षिका. सभेआधीच बाईंनी बजावलं, "आज कोणी उठायचं नाही."

मग काय विचारता! समोरच्यांनी आमचा माईक बंद केला, पंखा बंद केला, वर ओरडले, "खुर्ची मिळेना म्हणून बाकाला चिकटलेत!" शिंपीदादा ताडकन उठले. माझा तर जीवच टांगणीला!

बाईंनी त्यांचा सदरा धरला. "दादा, बसा. ते याचीच वाट बघतायत."

"अहो बाई, अपमान किती गिळायचा?"

"मत देईपर्यंत."

दादा धपकन बसले. माझी फळी कुरकुरली, पण इतकं गोड ओझं मी कधी पेललं नव्हतं!

मतं मोजली. नऊ विरुद्ध सहा. ठराव पडला! दादांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की एक खिळा वर आला.

नगराध्यक्ष जाताना म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत आणतो." आणा म्हणावं! मित्रांनो, मला पॉलिश नको, गादी नको. उद्या मोठे होऊन तुम्ही माझ्यावर बसाल, तेव्हा कितीही राग आला तरी मत दिल्याशिवाय उठू नका. तेवढा तो खिळा मात्र ठोकून घ्या, कारण पुढच्या महिन्यात आमच्या सहा जणांना खूप वेळ बसायचं आहे.